मधला हात

टपालाच्या गाडीत बाहेरच्या माणसाला बसता येत नाही. कटिंग चहा हातात येण्याआधीच ड्रायव्हरदादांनी हे सांगून टाकलं.

"ताई, काय विचारायचं ते विचारा. इथं बसू, घरी या, जेवायलाच या. पण गाडीत नाही. मागे बॅगा असतात."

वरळीच्या मेल मोटर डेपोजवळच्या एका टपरीवर आम्ही बसलो होतो. दादा पहाटे चारला घर सोडून ड्युटीवर आलेले आणि आता दुपारी मोकळे झालेले. आपलं नाव लिहू नका, ही अट त्यांची. सरकारी नोकरी आहे, मी लगेच मान्य केली. गाडीचं मात्र मनाला लागलं. ट्रक ड्रायव्हरवर लिहायचं आणि शेजारच्या सीटवर बसून त्याच्याबरोबर रस्ता बघायचा नाही, तर लिहायचं काय?

पुढे या माणसांकडे जात राहिले, तेव्हा उमगलं की या नोकरीचं सगळं मर्म त्या नकारातच होतं. मालट्रकवाला वाटेत कुणाला तरी बसवून घेतो. एसटीचा ड्रायव्हर गावाकडचा डबा पुढच्या स्टँडवर पोचवतो. टपालाची गाडी मात्र बंद असते. आत जे आहे ते ड्रायव्हरचं नाही, ते काय आहे हे त्याला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचा त्याला हक्कही नाही. म्हणून हा लेख गाडीच्या बाहेर उभं राहून लिहिला आहे. काही टपरीवर, काही जीपीओच्या फुटपाथवर, काही निवृत्त माणसांच्या बैठकीच्या खोलीत.

लाल गाडी, बंद दार

पोस्टमन आपल्या मनात घर करून आहे. शाळेच्या पुस्तकात तो होता, सिनेमात होता, दिवाळीला पोस्त मागायला दारात होता. पत्र टाकणारा आणि पत्र देणारा, ही दोन टोकं आपल्याला दिसतात. मधला माणूस दिसत नाही. पेटीतून निघालेलं पत्र पोस्टमनच्या पिशवीत पडेपर्यंत कितीतरी हातांतून जातं. त्यातला एक हात स्टिअरिंगवर असतो.

टपाल खात्याची मेल मोटर सर्व्हिस १९४४ साली सुरू झाली. मुंबईचं तिचं मुख्य ठाणं वरळीला, सुदाम काळू अहिरे मार्गावर आहे. तिथून निघणाऱ्या लाल गाड्या आपण रोज पाहतो आणि पाहिल्या हे विसरतो. मागचं दार बंद, त्यावर कुलूप. सिग्नलला शेजारी उभी राहिली तरी आत डोकावण्यासारखं काही नसतं.

गाड्यांइतकीच मला तिथल्या कारखान्याची गोष्ट आवडली. मेल मोटरच्या भरतीच्या जाहिराती वाचून बघा. ड्रायव्हरबरोबरच मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, टायरमन, लोहार, सुतार, रंगारी, वेल्डर, तांब्या-पत्र्याचं काम करणारा आणि सीटच्या गाद्या शिवणारा अशी पदं त्यात असतात. म्हणजे बारा बलुतेदारांचं एक छोटं गावच या गाड्यांच्या मागे वसवलेलं. गाडी वेळेवर निघाली पाहिजे आणि त्यासाठी कुणाची वाट पाहायला लागू नये, एवढ्या एका हट्टापायी हे गाव उभं राहिलं.

ड्रायव्हर डेपोत आला की आधी गाडीभोवती फेरी मारतो. ऑइल, पाणी, हवा, दिवे, ब्रेक आणि मागच्या दाराची कडी. "बाकीचे ड्रायव्हर टायरला लाथ मारतात, आम्ही आधी कडी ओढून बघतो," दादा म्हणाले. मग लॉगबुकात किलोमीटर लिहायचे आणि गाडी बाहेर काढायची.

मोजून घेतलं, मोजून दिलं

गिरगावातल्या एखाद्या पेटीत तुम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्याचं पत्र टाकलंत असं समजू. पेटी उघडून ते पोस्टात जातं, तिथे शिक्का बसतो, दुसऱ्या पत्रांबरोबर ते बॅगेत पडतं. बॅगेचं तोंड बांधून सील होतं. संध्याकाळी मेल मोटर येते आणि बॅग सॉर्टिंगला नेते. तिथे बॅग फुटते, पत्रं दिशेप्रमाणे वेगळी होतात, नवी बॅग बांधली जाते. अशा कितीतरी बॅगा एका मोठ्या बॅगेत जातात, तिला टीबी म्हणतात, ट्रान्झिट बॅग. ती पुन्हा गाडीत, गाडीतून स्टेशनवर, रेल्वेतून नागपूरला. तिथून पुन्हा तोच खेळ उलट्या क्रमाने, मोठ्या बॅगेतून लहान, लहान बॅगेतून गठ्ठा, आणि गठ्ठ्यातून पोस्टमनच्या हाती एकेक पत्र.

या साखळीतल्या प्रत्येक कडीला एक कागद आहे. त्याचं नाव मेल लिस्ट. किती बॅगा, कुठून कुठे, हे त्यावर असतं. देणारा मोजून देतो, घेणारा मोजून घेतो, सील बघतो, सही होते. बॅग फाटलेली असेल, सील तुटलेलं असेल, तर तसं लिहून, वजन करून, साक्षीदारासमोर पुढचं काम. आता बॅगांवर बारकोड आले, लाखेऐवजी प्लास्टिकची सीलं आली. हातात घेणं आणि हातात देणं मात्र तसंच आहे.

बदलापूरला राहणारे एक निवृत्त ड्रायव्हरकाका मला भेटले. त्यांच्या नोकरीचा बराच काळ लाखेचा. "सॉर्टिंगमध्ये शिरलं की लाख वितळल्याचा वास यायचा. त्यात कॅनव्हासचा, सुतळीचा वास मिसळलेला. घरी आलो की बायको म्हणायची, आलं तुमचं ऑफिस." काका हसले, मग गंभीर झाले. "सही म्हणजे काय, माहितीय का? त्या सहीपासून पुढच्या सहीपर्यंत त्या बॅगेचा मालक मी. आत काय आहे ते मला ठाऊक नाही, पण गेली तर माझी गेली."

कायद्यानेही ही जबाबदारी फार गंभीरपणे घेतली होती. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात टपाल चोरणाऱ्या, लपवणाऱ्या, फेकून देणाऱ्या कर्मचाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. जाणूनबुजून टपाल अडवून ठेवणं किंवा उशीर करणं, हाही त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा होता. जून २०२४ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. पण एकशे पंचवीस वर्षं या देशात उशिराकडे चोरीच्या पंक्तीतला गुन्हा म्हणून पाहिलं गेलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गरिबाचं पत्र आणि साहेबाचं पत्र एकाच बॅगेत असतं. बॅग उशिरा पोचली की दोघांचाही वेळ सारखाच बुडतो.

अंतर कुणाच्या अंगावर येतं

१८५४ साली डलहौसीच्या काळात हिंदुस्थानच्या टपालाचा मोठा कायदा झाला. त्याआधी पत्र जितकं लांब जाणार, तितके पैसे जास्त पडत. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याचं पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागलं. वजन मोजायचं, अंतर मोजायचं नाही. साध्या पत्राच्या बाबतीत हे तत्त्व अजून टिकून आहे. पाच रुपयांचं तिकीट लावलेलं वीस ग्रॅमपर्यंतचं पत्र दादरहून माहीमला जातं तसंच दादरहून पोर्ट ब्लेअरलाही जातं.

याची थोरवी आपण कधी नीट बोललो नाही. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाला कोकणातल्या आईपासूनचं अंतर पैशात मोजावं लागलं नाही, ते या एका निर्णयामुळे. पत्र टाकणाऱ्याच्या हिशोबातून अंतर वजा झालं. पण अंतर असं नाहीसं होत नसतं. ते कुणाच्या तरी अंगावर येतं. आधी ते हरकाऱ्याच्या पायांवर आलं. भाल्याला घुंगरू बांधून तो रानातून धावायचा. मग ते रेल्वेवर आलं. १८६३ साली अलाहाबाद ते कानपूर धावत्या गाडीत पत्रं वेगळी करायला सुरुवात झाली, आणि त्यातून रेल्वे मेल सर्व्हिस उभी राहिली. तिचे विभाग अजूनही अक्षरांनी ओळखले जातात. पुण्याचा 'बी', भुसावळचा 'एल', नागपूरचा 'एफ', मिरजेचा 'बीएम'. आणि पोस्टापासून स्टेशनपर्यंतचं, विमानतळापासून पोस्टापर्यंतचं, गावागावांमधलं अंतर मोटर ड्रायव्हरच्या कमरेवर आलं.

"अंतर?" काका म्हणाले. "माझ्या मणक्यांना विचारा." त्यांच्या सुरुवातीच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं. भरलेली गाडी मशीद बंदरच्या गल्लीत वळवायची म्हणजे दोन्ही खांदे लावून. इंजिनाची धग पायांवर. मे महिन्यात चप्पल तापायची.

या सगळ्या अंतराला एका मराठी माणसाने सहा आकड्यांत बसवलं, हेही इथेच सांगितलं पाहिजे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशात एकाच नावाची असंख्य गावं, पत्त्याला अनेक लिप्या, नाना तऱ्हेची अक्षरं. यातून वाट काढायला त्यांनी पिनकोड रचला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू झाला. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोवा चारमध्ये. पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन नेमक्या पोस्टाचे. वाचणाऱ्याला गावाचं नाव कळलं नाही तरी पत्र योग्य बॅगेत पडतं. दादांना मी वेलणकरांचं नाव सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. पण वरळीपासून कल्याणपर्यंतचे पिनकोड त्यांनी मला न थांबता म्हणून दाखवले, पाढे म्हणावेत तसे.

वेळ ही एकच मालमत्ता

मेल मोटरचा दिवस पहाटे सुरू होतो. सहारच्या विमानतळावर आणि स्टेशनांवर रात्रभर उतरलेलं टपाल पोस्टापोस्टांत पोचवायचं, तेही पोस्टमन बीटवर निघायच्या आत. दुपारी मधल्या ट्रिपा. संध्याकाळी उलटा ओघ. दिवसभर जमलेलं टपाल गोळा करून सॉर्टिंगला आणायचं, कारण रात्रीची रेल्वे आणि रात्रीचं विमान कुणासाठी थांबत नाही. प्रत्येक ट्रिपचं वेळापत्रक ठरलेलं. या पोस्टात किती वाजता, त्या पोस्टात किती वाजता, थांबायचं किती मिनिटं.

"आमची गाडी अर्धा तास उशिरा गेली तर काय होतं?" दादांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, पत्रं अर्धा तास उशिरा मिळतात. त्यांनी मान हलवली. "नाही. सॉर्टिंग लटकतं, पोस्टमन बसून राहतात, बीट उशिरा निघते, आणि शेवटच्या गल्लीतलं टपाल त्या दिवशी राहतंच. आमचा अर्धा तास, त्या गल्लीतल्या माणसाचा अख्खा दिवस."

मुंबईच्या रहदारीत हे साधायचं. मेट्रोचे खड्डे, मिरवणुका, पाऊस, व्हीआयपी ताफे. अँब्युलन्ससारखा भोंगा नाही. अडकलेल्या गाडीत दहावीचं प्रमाणपत्र असेल, कोर्टाची नोटीस असेल, औषध असेल. ड्रायव्हरला ते माहीत नसतं, म्हणून प्रत्येक बॅग त्याला सारख्याच घाईची.

२६ जुलै

बदलापूरच्या काकांनी दुसऱ्या भेटीत ही गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती. पावसाचा विषय निघाला आणि ते बोलू लागले.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस. काका संध्याकाळच्या ट्रिपवर होते, सोबत बॅगा चढवणारा-उतरवणारा एक सहकारी. कुर्ल्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पाणी आधी चाकाला, मग पायरीला लागलं. दोघांनी मागचं दार उघडून बॅगांची थप्पी बदलली. "आमचा नियमच आहे, पार्सल खाली, पत्रं वर. त्या दिवशी पार्सलंही उचलून उचलून वर घेतली. तळाला फक्त रिकाम्या बॅगा ठेवल्या." मग दार लावलं, कुलूप घातलं.

अंधार पडला. मोबाइल बंद. लोक गाडीला धरून धरून पुढे जात होते. एक बाई आली, कडेवर पोर, दुसरं हाताला. पाणी तिच्या छातीला. तिने काही मागितलं नाही, नुसती गाडीला टेकून उभी राहिली.

"मग?"

"मग काय. केबिनचं दार उघडलं, तिघांना आत बसवलं, काच वर केली. आम्ही दोघं टपावर चढलो. मागच्या दाराकडे तोंड करून बसलो रात्रभर. कुणीतरी बिल्डिंगमधून बिस्किटाचे पुडे टाकले, ते खाली केबिनमध्ये दिले."

मी विचारलं, "काका, बाहेरच्या माणसाला गाडीत घ्यायचं नाही ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, समजावून सांगायची तयारी होती. "ताई, नियम बॅगांसाठी आहे. बॅगांना कुणी हात लावला नाही."

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा ती बाई निघून गेली. बॅगा पोचल्या. दोन ओल्या झाल्या होत्या, तसं लिहून, वजन करून दिल्या. सगळ्या मोजून घेतल्या गेल्या. काकांनी सही केली, घरी जायला अजून एक रात्र लागली.

कागदावर स्टाफ कार, हातात ट्रक

या माणसांच्या पदाचं नाव 'स्टाफ कार ड्रायव्हर' असं आहे. नाव ऐकून साहेबांची पांढरी गाडी डोळ्यांसमोर येते, पण हातात असते मालाची गाडी. अटी साध्या आणि पक्क्या. दहावी पास, हलक्या आणि जड अशा दोन्ही वाहनांचा परवाना, तीन वर्षांचा अनुभव, आणि वाटेतला किरकोळ बिघाड स्वतः दुरुस्त करता यावा एवढी यंत्राची जाण. होमगार्डमध्ये तीन वर्षं काढली असतील तर चांगलंच. मग गाडी चालवण्याची परीक्षा. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन १९,९०० रुपये. पुढे ग्रेड दोन, ग्रेड एक, स्पेशल ग्रेड, अशा पायऱ्या.

गावाकडे ही नोकरी लागली की पेढे वाटतात. खासगी ट्रकवर दहा-बारा दिवस घर न बघणारा पोरगा ठरलेल्या वेळी घरी येऊ लागतो. आजारपणाला रजा मिळते, औषधपाण्याची सोय होते. दादा सातारा जिल्ह्यातले. आधी खासगी ट्रकवर मुंबई-बंगळूर करायचे. "तिकडे मालक विचारायचा, किती टन टाकलास? इथं विचारतात, किती वाजता पोचलास? माल जास्त भरायला कुणी सांगत नाही. झोप न काढता चालव म्हणत नाही. माणसाला एवढंच लागतं."

पण या पायऱ्या चढणारे आता कमी होत चालले आहेत. टपालाची बरीच वाहतूक भाड्याच्या गाड्यांवरून होते. निविदा निघते, कंत्राटदार गाडी आणि ड्रायव्हर देतो. त्यात भर म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाडी पंधरा वर्षांवर वापरता येत नाही. धुराचा आणि सुरक्षिततेचा विचार करता तो नियम योग्यच आहे. मात्र जुनी गाडी जाते तेव्हा तिच्या जागी खात्याची नवी येणार की भाड्याची, या प्रश्नावर एका ड्रायव्हरची जागा अवलंबून असते.

असाच एक कंत्राटी ड्रायव्हर मला महामार्गावरच्या एका ढाब्यावर भेटला. पंचविशीचा, बीडकडचा. त्याची गाडी लाल नव्हती, काचेवर टपालाच्या ड्युटीचा कागद चिकटवलेला. त्याच्याकडेही मेल लिस्ट होती, त्याच्याही बॅगांना सील होतं. रस्ता तोच, वेळापत्रक तेच, जबाबदारी तीच. "उद्या कंत्राट दुसऱ्याला गेलं तर मी दुसरीकडे," तो म्हणाला. "पण आजची ट्रिप माझी आहे ना." जेवताना त्याची पाठ भिंतीला होती आणि डोळे गाडीच्या मागच्या दारावर. त्याला हे कुणी शिकवलं नसावं. बंद दार सोबत असलं की माणूस आपोआप असा बसतो.

कंत्राटाचा प्रश्न नवा नाही आणि आपल्या एकट्याचाही नाही. अमेरिकेच्या संसदेने १८४५ मध्ये ठरवलं की टपाल वाहून नेण्याचं काम सर्वांत कमी बोलीला द्यायचं. घोड्यावरून न्या, गाडीतून न्या, अट तीनच गोष्टींची, वेग, खात्री आणि सुरक्षितता. हे तीन शब्द नोंदवहीत पुन्हा पुन्हा लिहून कारकून कंटाळले आणि त्यांच्या जागी तीन चांदण्या काढू लागले. त्या मार्गांना 'स्टार रूट' हे नाव पडलं ते त्यावरून. तिथेही कंत्राटी ट्रकवाले आणि खात्याचे ट्रकवाले एकाच फलाटाला गाडी लावतात. तीन चांदण्या दोघांनाही सारख्याच लागू असतात. दोघांची म्हातारपणची सोय मात्र सारखी नसते. मला वाटतं, ज्याच्यावर जबाबदारी सारखी टाकता, त्याला आधारही सारखा द्यावा लागतो. टपालावरचा विश्वास सील, बारकोड आणि कॅमेऱ्यांनी राखता येतो, पण तो निर्माण होतो वीस-वीस वर्षं एकच रस्ता इमानाने चालवणाऱ्या माणसांमुळे. वीस वर्षं टिकायची हमी ज्याला नाही, त्याच्याकडून आपण कशाच्या बळावर ती अपेक्षा करणार?

रिकामा रस्ता

मार्च २०२०, टाळेबंदी. प्रवासी रेल्वे थांबल्या, विमानं थांबली. टपाल तर त्यांच्याच पोटातून जात असे. औषधं, तपासणीचे संच, मास्क, व्हेंटिलेटरचे भाग, सगळं पोचवायचं होतं. एप्रिलमध्ये खात्याने रस्त्यांचं जाळं उभं केलं. लांब पल्ल्याचे २२ मार्ग, ७५ शहरं. इतके दिवस जास्त करून शहराच्या आत फिरणारी लाल गाडी घाट ओलांडू लागली.

दादा त्या दिवसांविषयी हळू आवाजात बोलतात. "रस्ता एवढा मोकळा कधी बघितला नव्हता. वाटलं होतं, मोकळा रस्ता मिळाला तर मजा येईल. भीती वाटायची." ढाबे बंद. घरून दोन वेळचा डबा आणि पाण्याचा कॅन. वाटेत चालत गावी निघालेली माणसं दिसायची. पोलिसांनी अडवलं की मागचं दार दाखवायचं. "टपाल आहे" म्हटलं की बॅरिकेड बाजूला व्हायचं. घरी पोचल्यावर बाहेरच अंघोळ, वेगळी खोली, मुलीशी दारातून बोलणं.

त्या काळात आपण थाळ्या वाजवल्या त्या डॉक्टरांसाठी, परिचारिकांसाठी, पोलिसांसाठी. त्यांचा तो हक्कच होता. पण हॉस्पिटलात आलेलं औषध कुणीतरी रात्रभर गाडी चालवून आणलं होतं. त्या माणसाचा विचार माझ्याही मनात तेव्हा आला नव्हता. या लेखामागे ती रुखरुखही आहे.

बॅगेच्या आतला ऋतू

पत्रं संपली, मग टपालाची गाडी कशाला, असं लोक विचारतात. दादांना हा प्रश्न अनेकदा ऐकावा लागतो. त्यांचं उत्तर असं, "पत्रं कमी झाली, वजन वाढलं." पूर्वी बॅगेत कागद होता, आता पार्सल आहे. पासपोर्ट, एटीएम कार्डं, आधार कार्डं, औषधं, साड्या, बियाणं. देशात सुमारे १ लाख ६४ हजार पोस्टं आहेत आणि त्यांतली दहापैकी नऊ खेड्यांत. जिथे कुरियरवाल्यांना जाणं परवडत नाही, तिथेही पोस्ट असतंच.

सेवांची नावंही झपाट्याने बदलत आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये जुनं बुकपोस्ट बंद झालं, तेव्हा छोट्या प्रकाशकांच्या पोटात गोळा आला. मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' आलं. २०२५ मध्येच रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळलं. ज्यांनी रजिस्टरची पोचपावती जपून ठेवली, त्या पिढीला त्याची हळहळ वाटली. ड्रायव्हरला मात्र त्यातलं काही जाणवत नाही. लेबल बदलतं, बॅग मोजून घ्यावीच लागते.

आत काय आहे ते कळत नाही, असं मी मघाशी लिहिलं. ते अगदी खरं नाही, हे काकांनी मला शिकवलं. बॅग उचलणाऱ्याला ऋतू कळतो. श्रावण आला की बॅगा फुगतात पण हलक्या होतात. त्या राख्या. डिसेंबरच्या शेवटी लांबट, गुंडाळलेल्या वस्तू पोटरीला लागतात. ती कॅलेंडरं. आणि दिवाळीच्या आधी दोन प्रकारच्या बॅगा येतात. एक चौकोनी, गच्च, कोपरे टोचणारी. "ते तुमचे अंक," काका म्हणाले. दुसरीला वास असतो. तूप, भाजणी, वेलदोडा. परदेशातल्या मुलांना फराळ पाठवायची सोय पोस्टात झाल्यापासून हा वास वाढला आहे. न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये डबा उघडेल तेव्हा उघडेल, पहिला वास मेल मोटरच्या ड्रायव्हरने घेतलेला असतो.

दिवाळी अंकाची परंपरा काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये सुरू केली. तेव्हापासून मराठी वाचक आश्विनात पोस्टमनची वाट पाहत आला. त्या वाटेच्या मधल्या टप्प्याविषयी आपण या अंकांमध्ये फारसं लिहिलं नाही.

कोपरे

लेख संपत आला तेव्हा मी दादांना भेटायला पुन्हा वरळीला गेले. पिशवीत एक पुस्तक होतं, बदलापूरच्या काकांसाठी. त्यांना जुन्या मुंबईविषयी वाचायला आवडतं. दादांची ट्रिप त्या आठवड्यात कल्याणच्या बाजूला होती. मी सहज म्हटलं, "दादा, तुम्ही त्या अंगाला जाताच आहात. कल्याणला कुणाकडे तरी द्याल का? काका घेऊन जातील."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि मला परत दिलं.

"पोस्टात द्या ताई. पोचेल."

मी कागदात गुंडाळलं, पत्ता लिहिला, पिनकोड घातला, पोस्टात दिलं. खिडकीवरच्या बाईंनी वजन केलं, पावती दिली. त्याच संध्याकाळी ते एखाद्या बॅगेत गेलं असेल. ती बॅग कुणाच्या गाडीत चढली, मला कधीच कळणार नाही. दादांच्याच गाडीत चढली असेल, तर त्यांनाही कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. पुस्तक कसलं, पाठवलं कशाला, हे काही विचारायच्या आधी ते म्हणाले, "कोपरे शाबूत आहेत. कुणीतरी वर ठेवलं होतं."